एकाच जिन्याच्या दोन पावत्या: सेल्फ फायनान्स कोर्सचा एका आईने केलेला रिव्ह्यू

लोक मिक्सरचा रिव्ह्यू टाकतात, थाळीचा टाकतात, मी म्हटलं आपण कॉलेजचा टाकूया. मिक्सरला चार हजार घातले तर निदान वॉरंटी कार्ड मिळतं, इथे तीन वर्षांत पाऊण लाखाच्या वर जातात तरी कोणी विचारत नाही की ताई, माल कसा निघाला. कॉलेजचं नाव देणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. दादर-परळच्या पट्ट्यातलं, जुन्या ट्रस्टचं, सकाळी अनुदानित (सरकारी पैशावर) आणि दुपारी सेल्फ फायनान्स (मुलांच्या फीवर) चालवणारं एक कॉलेज, एवढं पुरे. धाकटी अजून तिथेच शिकतेय आणि इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत.

रिव्ह्यू लिहायचा माझा अधिकार काय तर मी एकोणीस वर्षं एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे आणि माझी दोन्ही मुलं याच कॉलेजात. थोरल्याने साधं बीकॉम केलं, ग्रँटच्या म्हणजे अनुदानित डिव्हिजनला, गेल्या वर्षी सुटला. धाकटी आता दुसऱ्या वर्षाला, बीएएफला, म्हणजे बीकॉमच पण अकाउंटिंग अँड फायनान्स, हा सेल्फ फायनान्स कोर्स. गेट एक, जिना एक, पाण्याचा कूलर एक (बंद), तिसऱ्या मजल्यावरच्या लेडीज टॉयलेटची कडी तीच तुटलेली. वर्गसुद्धा एकच हो, ३०४ नंबर. सकाळी सात ते साडेअकरा तिथे थोरला बसायचा, बारानंतर धाकटी बसते, तिच्या बाकावर कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं एटीकेटी मंडळ हे थोरल्याच्या बॅचचं काम आहे असा तिला दाट संशय आहे.

आता पावत्या. थोरल्याची शेवटच्या वर्षाची पावती सहा हजारांच्या आतली, त्यात ट्यूशन फी म्हणजे शिकवायचे पैसे ८०० रुपये, वर्षाचे, महिन्याचे नाही. धाकटीची पावती २६,४०० ची. दोन्ही मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, सवयच आहे, व्हाउचर वाचल्याशिवाय झोप लागत नाही. तर गंमत बघा, ओळखपत्र ५० रुपये अशी वेगळी ओळ, मासिक १०० अशी वेगळी ओळ (मासिक छापलेलं आजवर पाहिलं नाही, पीडीएफ येतं, तेही पुढच्या वर्षी), आपत्ती निवारण १० रुपये त्यालाही स्वतःची ओळ आहे. आणि धाकटीच्या पावतीत सगळ्यात मोठा आकडा, सतरा हजारांच्या वरचा, त्याच्यापुढे फक्त दोन शब्द, ट्यूशन फी. दहा रुपये कुठे गेले ते सांगणार आणि सतरा हजार कुठे गेले ते नाही. आमच्या ऑफिसात असं व्हाउचर कोणी आणलं तर साहेब दोन बोटांत धरून परत देतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही ॲडमिशनच्या रांगेत उभं राहीपर्यंत माहीत नव्हतं. ग्रँटच्या डिव्हिजनला जे मंजूर शिक्षक असतात त्यांचा पगार सरकार देतं, म्हणून फी ८०० परवडते. सेल्फ फायनान्सला सरकारचा एक रुपया नाही, शिक्षक, लॅब, लाइटबिल, सगळं मुलांच्या फीमधून निघायला पाहिजे. हे आजचं नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, मुलं कर्नाटकात जाऊन पैसे भरतात ती इथेच शिकू देत हा विचार, तेव्हा तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, माझा मामेभाऊ त्याच लाटेत इंजिनिअर झाला. पण मग ती वाट रुळली. आर्ट्स-कॉमर्सच्या कॉलेजांनाही नवीन कोर्स, नवीन डिव्हिजन काढायची तर कायम विनाअनुदानित, म्हणजे काढा खुशाल, आमच्याकडे पैसे मागू नका. त्यातून बीएमएस (मॅनेजमेंटचा कोर्स), बीएएफ, बँकिंग अँड इन्शुरन्स, आयटी हे सगळं पीक आलं. आमच्या कॉलेजात तर साध्या बीकॉमच्याच पहिल्या दोन डिव्हिजन ग्रँटच्या आणि पुढच्या दोन बिनग्रँटच्या, पुस्तकं तीच, पेपर तोच, मेरिट लिस्टमध्ये तुमचं नाव वर आलं तर स्वस्त आणि खाली आलं तर महाग. आणि वर कोणाचं येतं? ज्याच्या घरात बारावीच्या क्लासला पैसे होते त्याचं, बऱ्याचदा. आमच्या बिल्डिंगमधल्या वॉचमनची मुलगी ६२ टक्क्यांवर बिनग्रँटला बसली, आणि माझा थोरला, ज्याच्यासाठी मी क्लासचे ४५ हजार भरले, तो ८०० रुपयांत. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय पण आहे ते असं आहे.

शिकवणं. इथे मी साडेचार स्टार देते आणि अर्धा कापते तो शिक्षकांचा नाही. धाकटीचे कॉस्टिंगचे सर आहेत, तरुण, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास, पीएचडी चालू, मुलं त्यांच्या लेक्चरला मागे उभी राहून ऐकतात म्हणजे जागा नसते. तर हे सर सकाळी ठाण्याला एका कॉलेजात दोन तास घेतात, मग बाराला इथे, मग संध्याकाळी अंधेरीला तिसरीकडे. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी, जितके तास तितके पैसे. दिवाळीत तास नाहीत म्हणजे दिवाळीत पैसे नाहीत, मे महिना तर विचारूच नका. एकदा मध्य रेल्वे नेहमीप्रमाणे झोपली आणि सर पस्तीस मिनिटं उशिरा आले, घामाने शर्ट ओला, येऊन पहिलं वाक्य काय तर "चला, ब्रेक-इव्हन पॉइंट." धाकटी म्हणते आई, सगळा वर्ग हसला आणि सरही हसले, आणि मग त्यांनी खरंच स्वतःचं उदाहरण घेऊन शिकवलं, लोकलचा पास हा फिक्स्ड कॉस्ट, वडापाव हा व्हेरिएबल, किती तास मिळाले म्हणजे महिना नफ्यात. तिला तो चॅप्टर जन्मात विसरायचा नाही.

आणि असं नाही हां की फक्त सेल्फ फायनान्सला हे चालतं. थोरल्याच्या ग्रँटच्या डिव्हिजनला पहिल्या वर्षी चार कायम प्राध्यापक होते, शेवटच्या वर्षी दोन, दोघं रिटायर झाले आणि ती पदं भरलीच नाहीत, तिथेही सीएचबीवाले. म्हणजे सरकार कागदावर ग्रँट देतंय पण माणूस गेला की खुर्ची थंड. मग त्या खुर्चीचं भाडं कोण भरतं? माझा अंदाज, आणि हा अंदाजच आहे कारण हिशोब कोणी दाखवलेला नाही, की धाकटीच्या फीवर थोरल्याच्या वर्गातला पंखा फिरत होता. आमच्या घरात ठीक आहे, एकाच पर्समधून दोन्ही. पण वॉचमनच्या घरी एकच मुलगी आहे, ती कोणाच्या भावाचा पंखा फिरवतेय?

कॉम्प्युटर लॅबला दोन स्टार. लॅब चांगली आहे, एसी आहे, साठ मशीन आहेत, म्हणूनच प्रॉब्लेम. शनिवार-रविवारी तिथे बँकभरती, सरकारी नोकरी अशा ऑनलाइन परीक्षांचं सेंटर असतं, बाहेरची मुलं चप्पल गेटवर काढून आत जातात, आणि कॉलेजला त्याचं भाडं मिळतं. बरं शनिवारीच धाकटीचं टॅलीचं, म्हणजे अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरचं, प्रॅक्टिकल. पहिल्या सेमिस्टरला सात शनिवारांपैकी चार शनिवार लॅब बंद, नोटीस व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सव्वासातला, तोवर ही दादरच्या पुलावर. मी ऑफिसात विचारायला गेले तर तिथले काका (स्वभावाने चांगला माणूस, त्यांच्याबद्दल तक्रार नाही) म्हणाले, "मॅडम, त्या भाड्यातूनच तर मशीन आल्या." आता यावर काय बोलणार? मशीन मुलांसाठी आणायच्या म्हणून भाड्याने द्यायच्या आणि भाड्याने दिल्या म्हणून मुलांना नाहीत. आमच्या चाळीत एकांनी गणपतीच्या मंडपाचा खर्च निघावा म्हणून मंडपच लग्नाला दिला होता त्याची आठवण झाली.

बाजाराचं वारं कसं लागतं त्याचा अजून एक नमुना. २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेच्या) खाली आले आणि ॲडमिशनला सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा लागली. मुलांना आधीच परीक्षांचा कंटाळा, सीईटी म्हटल्यावर गिऱ्हाईक पळणार हे कॉलेजांना लगेच कळलं. मग काय, बऱ्याच ठिकाणी बीएमएसची पाटी उतरली आणि बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज अशी पाटी चढली, सीईटीची कटकट गेली. मी याला नावं ठेवत नाही, जागा रिकाम्या राहिल्या तर ज्या सरांना तास मिळतात तेच घरी बसणार. पण मग प्रॉस्पेक्टसमध्ये "ज्ञानदानाचं व्रत" असं पहिल्याच पानावर छापू नका ना, किंवा छापा आणि खाली बारीक अक्षरात नियम व अटी लागू लिहा.

तरी पैसा आणि विद्या यांचं लफडं मुंबईला नवीन नाही बरं का. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं ते स्वतः शिकवत नव्हतंच, परीक्षा घ्यायचं आणि डिग्री द्यायचं, शिकवायचं काम कॉलेजांचं. फोर्टचा राजाबाई टॉवर, जो बघून आपण सगळे मान वर करून अभिमानाने उभे राहतो, तो कापसाच्या तेजीचा पैसा आहे. अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, तिकडचा कापूस थांबला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी लायब्ररीला २ लाख आणि टॉवरला २ लाख दिले, टॉवरला आईचं नाव द्यायचं म्हणून. १८६५ ला बाजार कोसळला आणि ते स्वतः बुडाले, पण विद्यापीठाला दिलेला पैसा टिकला, टॉवर १८७८ ला उभा राहिला. तसंच महर्षी कर्व्यांनी १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं तेव्हा वर्गणी गोळा करत फिरत होते, मग विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, तेच आपलं एसएनडीटी. म्हणजे या शहरात दोन मोठ्या देणग्या, दोन्ही आईच्या नावाने. आणि इथे आई स्वतः तीन हप्त्यांत भरतेय, नाव कुठेच नाही. असो.

सांगायचा मुद्दा हा की पैसा बाजारातून आला म्हणून काही बिघडत नाही, बिघडतं ते पैशाच्या बदल्यात काय मागितलं जातं त्यावर. टॉवरवाल्यांनी नाव मागितलं. आमच्या कॉलेजच्या फेस्टला एका क्लासवाल्याने स्पॉन्सरशिप दिली तर त्याने मुलांचे मोबाइल नंबर मागितले. फेस्टच्या दुसऱ्या दिवसापासून धाकटीला दिवसाला चार फोन, "हाय, सीए फाउंडेशन करायचंय का?" मी एकदा उचलला आणि म्हटलं दादा, मी पंचेचाळीस वर्षांची आहे, तर तो म्हणाला, "मॅडम, एजची अट नाही."

आयआयटीवाल्यांचं उदाहरण मला नेहमी दिलं जातं, ऑफिसात एकाचा मुलगा पवईला आहे. तिथेही २०१६ ला फी वर्षाला ९० हजारांवरून २ लाख झाली, पण त्याच वेळी एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना ट्यूशन फी पूर्ण माफ, घरचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत दोन तृतीयांश माफ, असं ठेवलं. म्हणजे महाग केलं तरी कोणासाठी महाग ते लिहून ठेवलं, हे मला पटलं. आणि २०२३ ला नंदन नीलेकणींनी तिथे एकदम ३१५ कोटी दिले, स्वतः तिथलेच विद्यार्थी. आता आमच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी कोण? बेस्टमधले कंडक्टर, पोस्टातले क्लार्क, सहकारी बँकेतले कॅशियर, एक नगरसेवक. गेल्या वर्षी मेळाव्याला त्यांनी मिळून वॉटर प्युरिफायर दिला, मोठ्या फ्लेक्ससकट. प्युरिफायर ऑफिसच्या आत लावलाय.

मुलींची फी माफ झाली ना, असं शेजारच्या काकू विचारतात. झाली, २०२४ पासून, पण ती व्यावसायिक कोर्सना, कॅपमधून म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून ॲडमिशन घेतलेल्या ठरावीक गटांतल्या मुलींना, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला. धाकटीची ॲडमिशन कॉलेजच्या खिडकीवर झालेली, बीएएफ त्यात बसत नाही. तहसील ऑफिसला दोन फेऱ्या मारून उत्पन्नाचा दाखला काढून झाल्यावर हे कळलं. दाखला लॅमिनेट करून ठेवलाय.

लायब्ररी मात्र पाचपैकी पाच. जुनं लाकडी कपाट, वर जिना लावून चढायचं, आणि रीडिंग रूम रात्री आठपर्यंत उघडी. परीक्षेच्या दिवसांत नऊपर्यंत. लायब्ररियन मॅडम ग्रँटच्या, दोन वर्षांत रिटायर होतील. त्यांनी नियम केलाय की रीडिंग रूममध्ये ग्रँट-बिनग्रँट असा कार्डाचा रंग वेगळा नाही, एकच पांढरं कार्ड. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं राहणाऱ्या मुलाला शांत टेबल आणि वर फिरणारा पंखा मिळणं ही काय चीज आहे ते ज्याला माहीत त्यालाच माहीत, थोरला तिथेच अभ्यास करून पास झाला, घरी नाही. आणि दोघांच्याही पावतीत लायब्ररी फी सारखीच, २०० रुपये. जगात एवढ्या पैशात काहीही येत नाही. मॅडम गेल्यावर ती जागा भरतील की नाही हा माझा या कॉलेजला एकच प्रश्न आहे, लेखी विचारलाय, उत्तर नाही.

दुसरा प्रश्न पण विचारला होता खरं तर. फी कमी करा असं मी म्हटलंच नाही. मी म्हटलं, सतरा हजारांची फोड द्या. शिक्षकांना किती, लॅबला किती, ग्रँटच्या बाजूला किती जातात, बिल्डिंग फंडात किती. सुप्रीम कोर्टाने २००२ ला टीएमए पै केसमध्ये सांगून ठेवलंय की संस्थेने वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवायला हरकत नाही, नफेखोरी आणि कॅपिटेशन फी (जागेसाठी वरून घेतलेले पैसे) नको. मला ते मान्य आहे, शिल्लक राहिली नाही तर उद्या छत गळेल तेव्हा काय करणार? पण वाजवी आहे की नाही हे आकडा बघितल्याशिवाय कसं कळणार? काका म्हणाले, "मॅडम, सगळं ऑडिट होतं." होत असणारच हो, ट्रस्ट आहे म्हटल्यावर वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट रिपोर्ट जातो, मला पण ठाऊक आहे, आमच्या सोसायटीच्या मंदिराचे हिशोब मीच नेऊन देते. पण ऑडिटरला कळलं म्हणजे मला कळलं असं होत नाही. एक ए-फोर कागद नोटीस बोर्डला लावा, बाजूला वॉटर प्युरिफायरचा फ्लेक्स आहेच. काका हसले. ऑफिसला तीन स्टार, दोन देणार होते, त्या हसण्याचा एक वाढवला.

नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) कमिटी येणार होती तेव्हा मात्र आठ दिवसांत कॉलेज ओळखू येईना. जिन्याला रंग, कुंड्या, तिसऱ्या मजल्यावर कडी लागली. कमिटी गेल्यावर कुंड्या गेल्या (भाड्याच्या होत्या म्हणे), कडी महिनाभर टिकली.

कॅन्टीन, वडापाव २० रुपये, चटणी बरी, कंत्राटदार बदलल्यापासून चहा पातळ. तीन स्टार.

घ्यावं की नाही असं विचाराल तर मी धाकटीला काढून दुसरीकडे घालणार नाही. कॉस्टिंगचे सर आहेत, लायब्ररी आहे, स्टेशन जवळ आहे, आणि दुसरीकडे पावती याहून लांब आणि ट्यूशन फीची ओळ अशीच आखूड. ज्यांच्या मुलांचं बारावी चालू आहे त्यांना एवढंच सांगेन की फॉर्म भरताना डिव्हिजन ग्रँटची की बिनग्रँटची ते खिडकीवर तोंडाने विचारा, प्रॉस्पेक्टसमध्ये शोधत बसू नका. शनिवारी लॅब कोणाची असते तेही विचारा.

हां, डिपॉझिट राहिलंच. थोरल्याचं लायब्ररी डिपॉझिट २५० आणि कॉशन मनी १५०, एकूण ४००, कोर्स संपल्यावर परत मिळतात असं पावतीच्या मागे लिहिलेलं असतं. कोणी घ्यायला जात नाही, अर्धा दिवस सुट्टी टाकून ४०० रुपये आणायला कोण जाणार? मी गेले. अकरा ते एक खिडकी, मूळ पावती, ओळखपत्र जमा, कॅन्सल्ड चेक, लायब्ररीचा ना-हरकत शिक्का, त्यावर प्राचार्यांची सही. रांगेत मी एकटीच होते. काकांनी रजिस्टर उघडलं, जाडजूड, वरची धूळ झटकली, आणि थोरल्याचं नाव ज्या पानावर होतं त्या अख्ख्या पानावर "परत दिले" या रकान्यात एकही सही नव्हती. मागचं पान उलटलं, तिथे पण नाही. मी मनात गुणाकार करायला लागले तेवढ्यात त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "चेक तयार झाला की फोन करतो ताई."

हे जुलैमधलं.